पिएरफों: एका किल्ल्याची दोन वयं

पिएरफोंच्या किल्ल्यात, आतल्या चौकात उभं राहून छपरातून डोकावणाऱ्या खिडक्यांकडे नीट बघितलं की मांजरं दिसायला लागतात. दगडाची मांजरं, आणि प्रत्येकाची ऐट वेगळी. पावसाचं पाणी ओतणाऱ्या पन्हळी बघाव्यात तर त्या मगरीसारख्या, खवल्याखवल्यांच्या, भिंतीवरून सरपटत खाली निघालेल्या. आपण आलेलो असतो तो १४०० च्या आसपासचा फ्रेंच किल्ला बघायला. बाहेरून तो तसा दिसतोही. आठ बुरूज, उंच तट, उचलता पूल, सगळं जागच्या जागी. ही मांजरं आणि या मगरी मात्र त्या काळातल्या नाहीत. साडेचारशे वर्षांनी एका माणसाच्या पेन्सिलीतून त्या उतरल्या आणि मग दगडात गेल्या.

पडका किल्ला पुन्हा उभा करायचा तर कुठपर्यंत जायचं, हा प्रश्न जगभर निघतो आणि बहुतेक वेळा भावनेवरच मिटवला जातो. पिएरफोंचं प्रकरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, पैसा कुणाचा होता, पुरावा किती होता आणि कल्पना कुठून सुरू झाली, हे इथं बऱ्यापैकी वेगळं काढून दाखवता येतं.

धाकट्या भावाचा किल्ला

पॅरिसच्या ईशान्येला काँपिएन्यं नावाचं गाव आहे. त्याच्या मोठ्या जंगलाच्या कडेला पिएरफों वसलंय. बाराव्या शतकातही इथं स्थानिक सरदारांचा किल्ला होता, पण आपल्या कामाचा किल्ला उभारला तो लुई द ऑर्लेआँनं. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याचा हा धाकटा भाऊ. राजाला १३९२ पासून वेडाचे झटके येऊ लागले आणि राज्य कुणी चालवायचं यावरून घरातच ओढाताण सुरू झाली. एका बाजूला लुई, दुसऱ्या बाजूला बर्गंडीचे ड्यूक, म्हणजे आधी काका आणि नंतर चुलतभाऊ.

व्हाल्वा हा परगणा लुईच्या वाट्याला आला होता. त्यात त्यानं किल्ल्यांची साखळीच बांधायला घेतली: पिएरफों, ला फेर्ते-मिलाँ, शिवाय जुन्या गढ्यांची डागडुजी. शेजारचा कूसीचा प्रचंड किल्लाही त्यानं १४०० मध्ये विकत घेतला. नकाशा समोर ठेवला तर हेतू कळतो. बर्गंडीच्या ड्यूकांची सत्ता दोन तुकड्यांत होती, दक्षिणेला बर्गंडी आणि उत्तरेला फ्लँडर्स. लुईची ठाणी या दोहोंच्या मधल्या वाटांवर होती.

पिएरफोंचं काम १३९० च्या दशकात सुरू झालं, आणि वास्तुकार म्हणून ज्यां ल न्वारचं नाव येतं. आखणी ओबडधोबड चौकोनाची. चार कोपऱ्यांवर बुरूज आणि चारही बाजूंच्या मध्यावर एकेक बुरूज, असे आठ. मधे चौक, आणि राहण्याच्या इमारती तटाला आतून चिकटलेल्या. सगळ्यांत भक्कम भाग म्हणजे धन्याचा निवासी मनोरा. आपल्याकडे बालेकिल्ला सगळ्यांत आत, सगळ्यांत उंचावर असतो. इथं तो दारालाच खेटून आहे. शत्रू जिथून येणार तिथंच धनी राहणार, असा हिशोब.

किल्ल्यांची आवड असणाऱ्यानं थांबून बघावं असं खरं नवल तटाच्या माथ्यावर आहे. आपल्या किल्ल्यांना तटावर फिरायला फांजी असते, एक. पिएरफोंला एकावर एक दोन. खालच्या वाटेवर छप्पर आहे आणि ती तटाच्या बाहेर पुढे काढलेली आहे. तिच्या तळाला ओळीनं भोकं आहेत, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी सुरुंग लावायला आलेल्यांवर सरळ खाली दगड सोडता यावेत. वरची वाट उघडी, चर्यांच्या आडून बाण मारण्यासाठी. तटाच्या लांबीत बुरूज मधे येतात आणि वाट तुटते, ही जुन्या किल्ल्यांची अडचण असे. प्रत्येक बुरूज आपापला लढायचा. इथं वाट सगळीकडून सलग ठेवली आहे. एका बाजूला गर्दी झाली की दुसऱ्या बाजूची माणसं धावत तिकडे पोचतील. तोफा नुकत्या पुढे येत होत्या आणि उंच भिंतींचे दिवस भरत आले होते, त्या शेवटच्या काळातली ही हुशारी आहे.

बुरुजांना नावं आहेत आणि प्रत्येकावर त्या-त्या वीराचा पुतळा. मध्ययुगीन युरोपात ‘नऊ वीर’ ही यादी सगळ्यांना पाठ असे. तीन प्राचीन: हेक्टर, अलेक्झांडर, सीझर. तीन ज्यू: जोशुआ, डेव्हिड, जुडास मॅकाबी. तीन ख्रिस्ती: आर्थर, शार्लमेन, गॉडफ्री. बुरूज मात्र आठच. वगळला गेला तो डेव्हिड.

एक खून, तीन अर्धवट कहाण्या

२३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसमध्ये राणीची भेट घेऊन परतणाऱ्या लुईला मारेकऱ्यांनी रस्त्यात गाठून तोडलं. त्यांना पाठवलं होतं चुलतभावानं, बर्गंडीच्या ज्यांनं, ज्याला इतिहास ‘निर्भय ज्यां’ म्हणतो. काही दिवसांतच त्यानं ते कबूलही केलं आणि एका धर्मपंडिताकरवी हा खून कसा न्याय्य होता याचं समर्थनही करवून घेतलं. तिथून फ्रान्सच्या सरदारांत जी यादवी लागली ती एका पिढीत मिटली नाही.

आपल्या प्रकरणापुरतं सांगायचं तर काम थांबलं. पिएरफों जवळजवळ पुरा झालेला होता. ला फेर्ते-मिलाँ नव्हता. तिथं दर्शनी तट उभा राहिला होता, मागचा किल्ला झालाच नाही. आजही ती एकच भिंत नाटकाच्या पडद्यासारखी उभी आहे आणि दाराच्या वर मेरीच्या राज्याभिषेकाचं सुंदर शिल्प आहे. एकाच माणसाचे हे तीन किल्ले, कूसी धरून. पुढे तिघांचं तीन तऱ्हेनं झालं, आणि म्हणूनच पिएरफोंबद्दल बोलताना बाकीचे दोन डोळ्यांआड करू नयेत असं मला वाटतं.

पिएरफों दोनशे वर्षं टिकला. १६१७ मध्ये तेव्हाचे धनी, देस्त्रे घराणं, कोवळ्या तेराव्या लुईविरुद्ध असंतुष्ट सरदारांच्या गटात गेलं. युद्धखात्याचा सचिव होता रिशल्यू, त्याच्या कारकिर्दीची ही अगदी सुरुवात. फौज आली, वेढा पडला, किल्ला घेतला गेला आणि मग तो निकामी करायचा हुकूम निघाला. बाहेरची बांधकामं पाडली, छपरं उतरवली, बुरुजांना आणि तटाला भगदाडं पाडली. पण एवढा दगड सबंध उखडून काढणं म्हणजे नवा किल्ला बांधण्याइतकंच काम. ते अर्ध्यावर सोडून दिलं गेलं. पाडणाऱ्यांच्या या कंटाळ्यामुळेच पुढची सगळी कथा घडू शकली. भिंती बऱ्याच उंचीपर्यंत जागेवर राहिल्या, पाडलेले घडीव दगड पायथ्याशी ढिगात पडून राहिले.

मराठी वाचकाला हे ऐकून १८१८ आठवेल. रायगडावर इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि राजवाड्याचं लाकडी काम गेलं, उरली जोती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याच्याकडे पुन्हा यावं लागेल.

पडझडीची गोडी

पुढची दोनशे वर्षं पिएरफों नुसता पडून होता. पहिल्या नेपोलियननं १८१० मध्ये ते अवशेष घेतले तेव्हा किंमत तीन हजार फ्रँकांच्याही आतच होती. मग काळ बदलला. पडक्या भिंती आणि त्यांवरच्या वेली लोकांना सुंदर वाटू लागल्या. १८३२ मध्ये राजा लुई-फिलिपनं आपल्या मुलीच्या लग्नानिमित्त, बेल्जियमचा पहिला राजा लिओपोल्ड हा जावई, इथंच मेजवानी दिली. कोरो हा निसर्गचित्रकार इथं वारंवार येऊन हे अवशेष रंगवत राहिला. गावात गंधकाच्या पाण्याचे झरे सापडले आणि हवापालटाला येणारी मंडळी वाढली. १८४८ मध्ये या जागेला ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळालं.

हे नोंदवून ठेवायला हवं. जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा पिएरफों टाकाऊ ढिगारा नव्हता. ‘अवशेष’ म्हणूनच त्याला किंमत होती, चाहते होते, चित्रं होती.

१८५७ चा बेत आणि १८६१ चा हुकूम

लुई-नेपोलियन १८५० मध्ये इथं येऊन गेला, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता. दोन वर्षांनी तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झाला. काँपिएन्यंचा राजवाडा त्याच्या आवडीचा. दर शरद ऋतूत तिथं पाहुण्यांच्या तुकड्या आठवड्याआठवड्यानं बोलावल्या जायच्या; शिकार, नाटकं, खेळ, आणि जंगलातून पिएरफोंपर्यंत सहल. पाहुण्यांना दाखवायला हाताशी एक किल्ला होताच.

१८५७ मध्ये काम सोपवलं गेलं वास्तुकार एजेन व्हिओले-ल-द्यूककडे. जन्म १८१४ चा. पंचविशी ओलांडताच व्हेझ्लेचं कोसळू पाहणारं चर्च सावरून त्यानं नाव कमावलं होतं. पॅरिसच्या नोत्र-दामचं काम सहकाऱ्यासोबत १८४४ पासून चालू होतं. कार्कासोनचा तट हाती होता. आणि फ्रेंच मध्ययुगीन वास्तुकलेचा दहा खंडांचा कोश तो लिहीत होता. स्मारकांचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे याचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. कोशात पिएरफोंबद्दल पानंच्या पानं आहेत. या माणसाइतका हा किल्ला समजलेला दुसरा कुणी तेव्हा नव्हता, हे त्याच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

पहिला बेत माफक होता. दाराशेजारचा निवासी मनोरा आणि त्याच्या लगतचा भाग राहण्याजोगा करायचा. बाकीचे अवशेष जसे आहेत तसे, डोळ्यांना सुखावणारे म्हणून ठेवायचे. आज कुठल्याही संवर्धन समितीपुढे हा बेत ठेवला तर थोड्या कुरबुरीनंतर मान्य होईल असं मला वाटतं.

१८६१ मध्ये बेत बदलला. सम्राटाला आता सबंध किल्ला हवा होता, शाही निवास म्हणून. त्या एका निर्णयानं प्रकरणाचं स्वरूपच पालटलं. अवशेषांत बसवलेलं घर बाजूला पडलं आणि अख्खा किल्ला नव्यानं बांधणं सुरू झालं. अखेरपर्यंत सुमारे पन्नास लाख फ्रँक गेले. त्यातले चाळीसेक लाख सम्राटाला घरखर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी नेमणुकीतून आले. ज्याच्या खिशातून एवढा पैसा येतो त्याला ‘इथं पुरावा संपतो, आपण थांबू’ असं सांगणारा माणूस लागतो. व्हिओले-ल-द्यूक तसा नव्हता. खरं तर त्याला थांबायचंच नव्हतं.

बाहेरून अभ्यास, आतून मनोराज्य

बाहेरचा भाग आधी बघू. तिथं त्याच्या हातात पुष्कळ होतं. भिंती उभ्या होत्या, भगदाडांच्या कडांवरून भिंतीचा काप दिसत होता, पायथ्याच्या ढिगात पुढे काढलेल्या वाटांचे आधार-दगड, चर्यांचे तुकडे, वीरांच्या पुतळ्यांचे अवशेष पडलेले होते. राडारोडा उपसत, दगड जुळवत त्यानं दुहेरी फांजीची रचना उलगडली. आज तटावरून फिरताना आपल्याला ती युद्धयंत्रणा जशी कळते तशी कुठल्याही पडक्या किल्ल्यावर कळत नाही. तळाच्या भोकातून खाली बघितलं की पोटात गोळा येतो, आणि सुरुंग लावायला आलेल्या माणसाचं काय झालं असतं ते सांगावं लागत नाही.

चौकात आलो की भाषा बदलते. राहण्याच्या इमारती सतराव्या शतकात सर्वाधिक उद्ध्वस्त झालेल्या. इथं पुरावा विरळ, म्हणून कल्पना दाट. चौकाकडच्या दर्शनी भागाला कमानींची ओवरी आहे. तिच्यात मध्ययुगापेक्षा पुढच्या, प्रबोधनकाळातल्या फ्रेंच राजवाड्यांची छाया जास्त. मोठ्या जिन्याची ऐटही किल्ल्याची नाही, राजवाड्याची. जिन्यापाशी घोड्यावर बसलेला लुई द ऑर्लेआँ आहे, ब्राँझमधला, शिल्पकार एमान्युएल फ्रेमिए. एकोणिसाव्या शतकानं किल्ल्याच्या मूळ धन्याला दिलेली ही सलामी. आणि मग त्या मगरी, ती मांजरं.

चॅपेलच्या दारात, मधल्या खांबावर संत जेम्स उभा आहे, यात्रेकरूच्या वेशात. चेहरा व्हिओले-ल-द्यूकचा. देवळाच्या दारात स्वतःला कोरून घेण्याची प्रथा कारागिरांत जुनीच, पण इथं मला त्याचं हसू येतं. संशोधक म्हणून ज्यानं मागे राहायला हवं, तो दारातच उभा.

सर्वांत थाटाची जागा म्हणजे वीरांगनांचं दालन. लांबी ५२ मीटर, रुंदी साडेनऊ, उंची १२. छत उलट्या नावेसारखं, लाकडी, रंगवलेलं. एका टोकाला अवाढव्य शेकोटी आणि तिच्यावर नऊ वीरांगना ओळीनं उभ्या. नऊ वीरांच्या जोडीला मध्ययुगात ही स्त्रियांची यादी आली होती, त्यामुळे विषय परका नाही. ला फेर्ते-मिलाँच्या बुरुजांवर लुईनं वीरांगनाच बसवल्या होत्या. पण इथं मधोमध जी सेमिरामिस आहे, बॅबिलोनची राणी, तिला चेहरा आहे सम्राज्ञी यूजेनीचा, आणि बाकीच्या आठजणी तिच्या दरबारातल्या बायका. इतिहासाच्या नावाखाली एका राजवटीनं काढलेली ही कौटुंबिक तसबीर आहे. याच दालनात तिसऱ्या नेपोलियनच्या चिलखतांचा आणि हत्यारांचा संग्रह मांडलेला होता.

इथं थोडं कारागिरीबद्दल. छपरांच्या कण्यांवरची शिसं-तांब्याची नक्षी बघायला विसरू नये. ती मोंद्यूइ कारखान्याची. हाच कारखाना पुढे न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या तांब्याच्या कामात होता, आणि त्या पुतळ्याच्या आतल्या सांगाड्याचा पहिला विचार व्हिओले-ल-द्यूकनंच केला होता. तो गेल्यावर ते काम आयफेलकडे गेलं. मोंद्यूइच्या संग्रहातले नग आज पिएरफोंमध्येच मांडलेले आहेत. मध्ययुग उभं करणारे हात किती आधुनिक होते हे त्यांच्याकडे बघून कळतं.

सम्राट गेला, पैसा गेला

सप्टेंबर १८७० मध्ये सेदाँच्या लढाईत तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला आणि दोन दिवसांत साम्राज्य बुडालं. ज्याच्यासाठी निवास बांधायचा होता तो इंग्लंडला परागंदा झाला. हत्यारांचा संग्रह पॅरिसला लष्करी संग्रहालयात गेला. गंमत अशी की नव्या प्रजासत्ताकानं काम सोडून दिलं नाही. रडतखडत चालू ठेवलं. व्हिओले-ल-द्यूक १८७९ मध्ये वारला. त्याचा जावई मोरिस उरादू यानं सूत्रं घेतली, तोही १८८४ मध्ये गेला आणि १८८५ मध्ये काम थांबलं ते थांबलंच. कित्येक खोल्यांची सजावट व्हायची राहिली. १४०७ मध्ये धन्याच्या मृत्यूनं अडलेला किल्ला दुसऱ्यांदा धनी गमावून अडला.

आरोप

व्हिओले-ल-द्यूकनं आपली भूमिका लपवली नाही. कोशाच्या आठव्या खंडात, १८६६ मध्ये, त्यानं जीर्णोद्धाराची व्याख्या दिली: एखाद्या वास्तूचा जीर्णोद्धार करणं म्हणजे तिची देखभाल, दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी नव्हे, तिला अशा पूर्णावस्थेत आणणं, जी अवस्था कदाचित कुठल्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हती. आज हे वाक्य त्याच्यावरचं आरोपपत्र म्हणून वाचलं जातं. त्यानं ते अभिमानानं लिहिलं होतं.

इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किननं १८४९ मध्येच उलट टोक गाठलं होतं: जीर्णोद्धार हा वास्तूचा सगळ्यांत पुरा विध्वंस, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटेपणा. फ्रान्समध्ये लेखक आनातोल फ्रान्सनं थेट पिएरफोंवर लिहिलं. त्याचं म्हणणं मला जास्त पटतं, कारण तो अभ्यासावर शंका घेत नाही. किल्ल्याला मूळ रूप परत मिळालं असेल, मान्य, असं तो म्हणतो. पण इथं नवे दगड फार झाले. जुने दगड, जुने साक्षीदार, राहिले नाहीत. हा लुईचा किल्ला नव्हे, त्याची खऱ्या मापाची प्रतिकृती झाली. आणि अवशेष नष्ट करणं हाही एक विध्वंसच. कोरोनं रंगवलेलं पिएरफों आता त्याच्या चित्रांतच आहे.

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलची आंतरराष्ट्रीय सनद, १९६४ ची व्हेनिस सनद, हिनं हा वाद नियमात बसवला. नवव्या कलमात म्हटलंय की अंदाज जिथं सुरू होतो तिथं जीर्णोद्धारानं थांबावं, आणि त्यापलीकडे काही भर घालणं अटळच असेल तर ती मूळ रचनेपासून वेगळी ओळखू यावी, तिच्यावर आपल्या काळाची मोहोर असावी.

ही कसोटी पिएरफोंला लावताना एक विचित्र गोष्ट हाती लागते. रूढ मत असं: बाहेरचा तट चांगला, कारण तो अभ्यासपूर्ण; चौक वाईट, कारण तो मनचा. मला उलट वाटतं. फसवतो तो बाहेरचा तट. जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे लागतो हे साध्या नजरेला कळत नाही. जितका अभ्यास नेमका तितकी फसवणूक पक्की. चौकात मात्र कुणी फसत नाही, किंवा फसू नये. सम्राज्ञीच्या चेहऱ्याची सेमिरामिस, दारातला वास्तुतज्ज्ञ, मगरी, हे सगळं आपलं वय ओरडून सांगतं. सनदेच्या कलमातला पहिला अर्धा भाग चौकानं पायदळी तुडवला, आणि दुसरा अर्धा, काळाची मोहोर, शंभर वर्षं आधी नकळत पाळला. व्हिओले-ल-द्यूकची खरी चूक शोधायची तर ती मांजरांत नाही. जुन्यानव्याच्या मधली रेघ त्यानं तटावर पुसून टाकली, चूक तिथं आहे. आणि १८६१ ला सम्राटाला ‘नाही’ म्हटलं नाही, तिथं.

त्याच्या बाजूनंही एक साक्ष आहे, कूसीची. तिथला तेराव्या शतकातला मनोरा पन्नास मीटरांहून उंच होता. तो पुन्हा बांधला गेला नाही; नुसता सावरून धरला. मार्च १९१७ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं त्यात २८ टन स्फोटकं भरून तो उडवला. आज तिथं दगडांचा डोंगर आहे आणि युद्धाचं स्मारक म्हणून तो तसाच ठेवला आहे. अस्सल अवशेष जपावेत हे तत्त्व खरंच. पण कूसीचा मनोरा कसा होता हे आज आपण बऱ्याच अंशी व्हिओले-ल-द्यूकच्या रेखाटनांवरून जाणतो.

कुणी काय उचललं

जुलै १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाला आलेला बव्हेरियाचा तरुण राजा दुसरा लुडविग पिएरफों बघून गेला. दोन वर्षांनी नॉयश्वानस्टाइन या त्याच्या स्वतःच्या किल्ल्याचा पाया घातला गेला. तिथं मूळ पुराव्याचा आग्रहच नव्हता, नुसतं स्वप्न. पुढे जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यानं आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सासमधला ओ-कोएनिग्सबूर किल्ला १९०० ते १९०८ मध्ये बोडो एबहार्टकडून उभा करवला, तेव्हा तर पिएरफोंचाच कित्ता: मध्ययुगीन किल्ला, सखोल अभ्यास, आणि बांधकामाआड एका साम्राज्याची जाहिरात. अल्सास तेव्हा जर्मनीकडे होता, हे सांगायला नकोच. एकविसाव्या शतकात बीबीसीनं ‘मर्लिन’ मालिकेसाठी आर्थर राजाचं कॅमलॉट म्हणून पिएरफोंच वापरला. कधीच नसलेल्या नगरीला कधीच नसलेल्या अवस्थेतला किल्ला मिळाला, आणि एका बुरुजाचं नाव आर्थर होतंच.

आता रायगडाकडे. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा मराठा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. राजवाडे पुन्हा जसेच्या तसे बांधा, ही मागणीही अधूनमधून ऐकू येते. तिच्यामागचं प्रेम मला कळतं. पण पिएरफोंला तटाचा माथा कसा होता हे सांगणारे दगड पायथ्याशी पडून होते, तरी चौकात शिरताच कल्पनेला ऊत आला. रायगडाच्या राजवाड्याच्या जोत्यावर वर काय उभं होतं ते लाकडात होतं, आणि लाकूड जळालं. तिथं उभं राहील ते शंभर टक्के चौकच असेल, तट नसेल. बांधायचंच ठरलं तर निदान ही कबुली आधी द्यावी, आणि मूळ जोत्याला हात न लावता शेजारी बांधावं.

पिएरफोंला जाणाऱ्यांनी एक करावं. वीरांगनांच्या दालनातून बाहेर पडल्यावर पुढच्या खोल्यांतून रेंगाळावं. काही रंगवलेल्या, काही अर्ध्या, आणि मग पैसे संपले तिथून पुढे नुसता दगड. मार्गदर्शक तिथून भरभर नेतात, कारण दाखवण्यासारखं काही नाही. सबंध किल्ल्यात १८६१ चा हुकूम, १८७० चा पराभव आणि १८८५ ची रिकामी तिजोरी एकत्र दिसते ती याच भिंतींवर, रंग सुटून दगड सुरू होतो तिथं.